दामू पेंटरनं पुसलेला चेहरा

विंझरच्या शाळेची मधली सुट्टी झाली होती. वेल्ह्याला जाणारी एसटी फाट्यावर थांबली आणि कंडक्टर उतरून माझ्याकडं चालत आला. भोरचाच माणूस, ओळखीचा. “मास्तर, दामू पेंटर गेलं. काल दुपारी,” एवढंच म्हणाला आणि परत गाडीत चढला. मी त्यांच्या गावी, उत्रोलीला पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. बौद्धवाडीत त्यांच्या दारापुढं माणसं पांढऱ्या कपड्यांत बसली होती, वंदना नुकतीच संपली होती. आज त्याला दीड महिना झाला. त्यांच्याबद्दल लिहायचं म्हणजे एक गोष्ट सांगावी लागणार, आणि तीत चूक माझी आहे... म्हणून इतके दिवस कागद घेऊन नुसता बसत होतो.

मी भोरच्या शाळेत चित्रकला शिकवत होतो तेव्हापासूनची आमची ओळख. दामूअण्णा टॉकीजचे बोर्ड रंगवत. दर शुक्रवारी नवा नट, नवी नटी, दोन पुरुष उंचीचे चेहरे. गालांवर गुलाबी, सावलीला निळा. मी एकदा विचारलं, “अण्णा, माणसाचा गाल निळा असतो होय?” तर म्हणाले, “माणसाचा नसतो. ह्यांचा असतो. लोकांना तसाच लागतो.” गुरुवारी रात्री जुना बोर्ड उतरवून त्याच कापडावर पांढरा हात मारायचे. काल ज्याच्यापुढं पोरं शिट्ट्या वाजवत होती तो चेहरा चार फटकाऱ्यांत जायचा. हे करताना ते कधी हसत नसत.

सदुसष्ट-अडुसष्टच्या सुमारास एक मोठा नट शूटिंगसाठी भोरला आला. स्वागताची कमान अण्णांनीच रंगवली होती. मोटार चौकात शिरली तेव्हा ते शिडीवर चढून कमानीची सुटलेली दोरी बांधत होते, म्हणून त्यांना वरून सगळं दिसलं. सगळा गाव मोटारीकडं तोंड करून उभा. आणि त्या गर्दीच्या पाठीमागं एक बैलगाडी अडकलेली. हिर्डोशी गावची सोनाबाई आजारी नवऱ्याला दवाखान्यात घेऊन निघाली होती. ती गाडीतून ओरडत होती, वाट मागत होती. एकही माणूस वळला नाही. अण्णा शिडीवरून उतरून, माणसं ढकलत तिथवर पोचले, तोवर नवरा गेला होता.

त्यानंतर वर्षभर अण्णा टॉकीजच्या मागच्या खोलीत एकच चित्र करत होते. जुन्या बोर्डाचंच कापड, उलट्या बाजूनं. वर मोटार, पण आत नट नाही, नुसती काळी खिडकी. तिच्याकडं वळलेल्या शेकडो पाठी, टोप्या, मुंडाशी, वेण्या. आणि खाली कोपऱ्यात, आपल्याकडं तोंड करून, गाडीतली सोनाबाई. अख्ख्या चित्रात चेहरा तेवढा एकच. तो त्यांनी निळ्या-गुलाबीत नाही, मातीच्या रंगात काढला होता. मी ते पाहिलं आणि खाली बसलो. एवढं खरं चित्र मला उभ्या आयुष्यात जमणार नव्हतं, हे मला तिथंच कळलं.

चित्र पुण्याच्या प्रदर्शनात मी पाठवलं. अण्णांचं मन नव्हतं, मीच मागं लागलो. तिथं ते गाजलं. नटांच्या मागं धावणाऱ्या समाजावर असं कुणी काढलंच नव्हतं, असं जाणती माणसं म्हणाली. मुंबईहून बोलावणं आलं. एका पेपरवाल्यानं मला विचारलं, ही बाई खरी आहे का? मी अभिमानानं नाव सांगितलं, गाव सांगितलं, वाटही सांगितली.

महिन्याभरानं सोनाबाई चालत भोरला आली. आम्ही दोघं त्या खोलीतच होतो, पुण्याहून परत आलेलं चित्र भिंतीला टेकवलेलं. ती दारातच उभी राहिली. तिच्या गावात पेपरवाले येऊन गेले होते, तिला गाडीजवळ उभं करून, रडायला सांगून फोटो काढला होता. मग घाटानं येणारे-जाणारे प्रवासीही चौकशी करू लागले. बाजारात पोरी तिला फोटूवाली म्हणून बोट दाखवत.

“त्या दिशी कुणी वळून बगितलं न्हाई,” ती म्हणाली. “आता बगाया येत्यात. दामूभाऊ, माजं त्वांड तेवढं पुसून टाका.”

अण्णांनी मान खाली घातली. “व्हय बाई,” म्हणाले आणि ब्रश शोधू लागले.

मी मधे पडलो. “अण्णा, पुढच्या आठवड्यात चित्र मुंबईला जायचंय. त्या चेहऱ्याशिवाय त्यात काय राहील?”

“मास्तर, त्वांड तिचं हाय,” ते शांतपणे म्हणाले. “म्या तिला इचारलं व्हतं का?”

तिच्यासमोरच त्यांनी तो चेहरा पुसला. सोनाबाईनं शेवटपर्यंत पाहिलं, पदर सावरला आणि एसटीची वाटही न बघता पायी निघाली. मुंबईला चित्र गेलं नाही. पावसाळ्यात त्या खोलीत पाणी शिरलं, कापड कुजलं. अण्णा पुन्हा बोर्ड रंगवू लागले. मोठं चित्र त्यांनी पुन्हा कधी काढलं नाही. माझ्यावर ते कधी रागावले नाहीत... रागावले असते तर बरं झालं असतं. एवढंच झालं, की पुढं कुणाचंही चित्र काढण्याआधी ते विचारत, “काढू का?” बांधावरच्या म्हाताऱ्याला, कडेवरच्या पोरालासुद्धा.

शेवटी अण्णांची छाती कफानं भरली होती. जाण्याआधी पंधरा दिवस मी उत्रोलीला गेलो, तर भिंतीला टेकून बसले होते. उशाखालून कागद काढला, पेन्सिल काढली. “मास्तर, तुमचं एकदाबी काढलं न्हाई. काढू का?” त्यांना धाप लागत होती. मी म्हणालो, “आज नको अण्णा, दमाल. पुढच्या खेपेला.” मी हो म्हणायला हवं होतं. नको म्हटल्यावर त्यांनी पेन्सिल लगेच खाली ठेवली. निघताना त्यांच्या बायकोनं तो कागद माझ्या हातात दिला, “ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी, येताना आणा.” तो माझ्या टेबलाच्या खणात आहे. वरच्या कोपऱ्यात त्यांच्या अंगठ्याचा पुसट काळा डाग आहे, बाकी कागद कोरा.