काकू नाव घेत नाहीत

चंदीगडच्या आमच्या मराठी कंपूत चहा झाला, की कुणाच्या तरी नावाचा किस्सा निघतोच. इतके साठलेत, की आधी कुठला सांगू असं होतं!

सुरुवात माझ्यापासूनच. मी अनिल वसंत जोशी. इथल्या आर्किटेक्टच्या ऑफिसात पहिल्याच दिवशी यादीतलं मधलं नाव वाचून सगळ्यांनी मला 'वसंतजी' करून टाकलं. अहो, वसंत माझे वडील! सांगून सांगून दमलो, मग नाद सोडला.

पुढे अण्णा, म्हणजे तेच वसंत, माझ्याकडे राहायला आले. रिटायर्ड ड्रॉइंग टीचर. एके दिवशी सकाळी साहेबांचा फोन आला, मी स्पीकरवर टाकला.

"वसंतजी, आपकी ड्रॉइंग में तीन गलतियाँ हैं!"

अण्णा पेपर टाकून ताडकन उठले. "तीस वर्षं शिकवलंय मी! कोण हा शहाणा?"

ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर हॅपी बसतो. सहा फुटी सरदार, आठ वर्षं आम्ही एकत्र डबा खातोय. एकदा कुरियरवाला सुखविंदर सिंगला शोधत आला. "ऐसा कोई नहीं है यहाँ," म्हणून मी त्याला दोनदा परत पाठवला. पाकिटात हॅपीचा पासपोर्ट होता! दोन दिवस पठ्ठ्या माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी मात्र राजमा घेऊन आला, म्हणाला, "चल यार, खा ले."

पण या सगळ्यांवर कडी आमच्या शेजारच्या देशपांडे काकूंची. मूळच्या साताऱ्याच्या. लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली, पण नवऱ्याचं नाव उखाण्याशिवाय कधी तोंडातून काढलेलं नाही. एरवी नुसतं 'अहो'.

मोहालीत राहणाऱ्या नातीने शाळेत फॅमिली ट्री केला. दादाजींच्या फोटोखाली लिहिलं, 'अहो'. टीचरने तीनदा विचारलं, पोरगी ठाम. "मॅम, पक्का यही नाम है!"

मग बँकेचा फॉर्म भरायचा होता. मी सोबत होतो. क्लार्कने विचारलं, "आंटीजी, पति का नाम?"

काकूंनी पदर सावरला, घसा खाकरला.

"सुखना लेकच्या काठावर सुटलाय गार वारा, दिगंबररावांचं नाव घेते, फॉर्म पटकन भरा!"

क्लार्क हबकला. "आंटीजी, गाना बाद में, पहले नाम!"

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, तोवर गेल्या हिवाळ्यात काकांची बायपास झाली. ऑपरेशन नीट झालं, पण काका भुलीतून बाहेरच येईनात. डॉक्टरांचा चेहरा गंभीर झाला. शेवटी नर्सने आम्हा दोघांना आत बोलावलं.

"आंटीजी, ज़ोर से नाम लेकर बुलाओ. अपनों की आवाज़ पहचानते हैं."

काकू वाकल्या. "अहो... अहो, ऐकलंत का?"

काही नाही.

"नाम से, आंटीजी!"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. डोळे भरलेले होते. मग काकांचा हात गच्च धरून त्या अख्ख्या वॉर्डला ऐकू जाईल अशा ओरडल्या,

"दिगंबर! ऊठ आता! मला भीती वाटतेय!"

काकांच्या पापण्या हलल्या. एक डोळा किलकिला झाला. कोरड्या ओठांतून कसाबसा आवाज आला,

"उखाणा?"