अडकलेलं नोझल आणि पाच किलोची प्लेट

नोझल काही निघेना. माझे थोरले साडू, अण्णा, माझ्या घरापुढच्या गॅरेजात आपल्या पिकअपला कोपर टेकून निवांत उभे होते. घाम मला फुटला होता.

अण्णांची पिकअप गावोगावचं दूध गोळा करून डेअरीत पोचवते. त्या दिवशी ती रस्त्यातच ढेपाळली आणि दूध नासलं. डेअरीच्या मॅनेजरने फोनवर सांगितलं, उद्या गाडी आली नाही तर रूट दुसऱ्याला.

नोझल म्हणजे इंजिनात डिझेल फवारणारी वीतभर वस्तू. तिच्याखालची तांब्याची चकती, म्हणजे वायसर, जळला की इंजिनातला दाब गळतो, भोवती कार्बन बसतो आणि नोझल सिमेंटमध्ये रोवल्यासारखं घट्ट होतं. वायसर बदलणं सोपं, नोझल उपसणं अवघड. ते ओढून काढायचं हत्यार, पुलर, बाजारात मिळतं, पण आमच्या घाटनांदुरात नाही.

"इंजिनाचं हेड खोलावं लागंल. दोन दिवस," मी म्हणालो.

"मग रूट तूच चालव. डोक्यावर कॅन घेऊन."

अपमान झाला की माझं डोकं चालतं. डॉक्टरांनी पोट कमी करायला सांगितल्यावर मी वजनांचा सेट आणला होता. तो पलंगाखाली होता, पोट जागच्या जागी. त्यातली मधे भोक असलेली पाच किलोची प्लेट काढली. जाड सळईच्या एका टोकाला नोझलच्या आट्यांवर बसेल असा नट वेल्ड करायचा, दुसऱ्या टोकाला प्लेट अडवणारा मोठा नट, मधे प्लेट मोकळी. प्लेट जोरात ओढली की वरच्या नटवर आदळणार आणि त्या झटक्याने नोझल सुटणार.

दोन्ही टोकं मी अगदी देखणी वेल्ड केली. प्लेट जमिनीवरच होती.

"ही कावून खाली ठिवली बे?" अण्णांनी विचारलं.

"गरम हुईल म्हणून."

ग्राइंडरने एक टोक कापलं, प्लेट ओवली, पुन्हा वेल्ड केलं. बायको चहा घेऊन आली. "निघाला म्हणायचा सेट बाहेर," एवढंच म्हणाली.

हा घरगुती पुलर नोझलवर आवळला आणि प्लेट ओढायला लागलो. बरेच झटके वाया गेले. "वढ बे!" अण्णा ओरडले. खट्‌! नोझल बाहेर आलं आणि मी जळक्या ऑइलच्या ट्रेमध्ये बसलो.

"लागलं का?"

"न्हाई, अण्णा."

"तुला न्हाई, नोझलला इचारतोय."

जागा साफ केली, नवा वायसर टाकला, इंजिन चालू झालं. सकाळी दूध वेळेवर पोचलं. रूट वाचला.

पुलर अण्णांनी "वाटंत लागंल" म्हणत गाडीत टाकला होता. मॅनेजरला दाखवून "मीच बनवला" असं सांगितलं. आता डेअरीच्या सगळ्या पिकअपची नोझलं अण्णाच काढतात. एखादं आत तुटलं तर गाडी माझ्याकडे येते. सोबत निरोप असतो, "आमचे साडू बी थोडंफार काम करतेत."

धडा एवढाच: हत्यार बनवलं की त्यावर वेल्डिंगनेच आपलं नाव उमटवून ठेवावं. साडूपुढे तोंडी हक्क टिकत नाही.