कुडपणच्या हरणीला नेलेली वीट

ऐन उन्हाळ्यात कोकणात कोण जातं, असं घरच्यांनी दहादा विचारून झालं. तरी एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी सकाळी मी पुण्याहून स्कूटर काढलीच. महाडला माझा मावसभाऊ सुहास गुरांचा डॉक्टर आहे. वर्षभर तो 'ताई, एकदा कुडपणचं पठार बघ' म्हणून माझं डोकं खात होता. म्हटलं, चला, बघून टाकू एकदाचं.

भोरवरून वरंध घाट उतरले. हा रस्ता दुरुस्तीसाठी अधूनमधून बंद असतो, त्यामुळे निघण्याआधी चौकशी करा, नाहीतर माझ्या मैत्रिणीसारखं अर्ध्या वाटेतून परतावं लागेल. घाटातल्या टपरीवर गरम भजी खात बसले. समोर डोंगरचे डोंगर पिवळे पडलेले, गवत पार वाळलेलं आणि त्यात गुरं चरत होती. मनात म्हटलं, मजा आहे यांची, दिवसभर नुसतं खायचं!

महाडला सुहासकडे जेवताना मी हेच बोलले, तर तो हसला.

"ताई, त्यांचं पोट भरलेलं असतं, पण ती उपाशी असतात."

मग त्यानं सांगितलं ते ऐकून माझा घास हातातच राहिला. म्हणे गवत गाय एकटी पचवत नाही. तिच्या पोटात कोट्यवधी सूक्ष्म जीव असतात, ते गवत फोडतात आणि त्यांच्या जिवावर ती जगते. पण वाळल्या गवतात प्रथिनं नावालाच. ते जीव उपाशी राहिले की गवत पोटात नुसतं पडून राहतं, आणि भरल्या पोटी गाय खंगत जाते. अहो, मी चाळीस वर्षं दूध पितेय, आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं!

"तू कुडपणला पार्वतीकाकीकडे उतरणार आहेस ना? मग हे घेऊन जा," म्हणत त्यानं विटेएवढा एक तपकिरी ठोकळा माझ्यापुढे ठेवला. मळी, पेंड, मीठ, खनिजं आणि थोडा युरिया.

"युरिया? खत?"

"हो. जिभेनं हळूहळू चाटला तर पोटातले जीव त्याचं प्रथिन करतात. एकदम पोटात गेला तर विष. काकीची गाय हरणी गाभण आहे आणि हाडं वर आलीत तिची. विणेपर्यंत तग धरायला हवी. वीट कोरडीच ठेवायची, पाण्यात अजिबात घालायची नाही. काकीला नीट सांग."

"हो रे बाबा," मी म्हटलं आणि आणखी सोलकढी मागितली.

पोलादपूरला टाकी फुल करून घ्या, पुढे पंपाचा भरवसा नाही. आंबेनळी घाटाच्या रस्त्याला लागलं की कुडपणचा फाटा विचारत जायचं. शेवटची चढण इतकी उभी की स्कूटर रडायला लागली. पण वर पोचले आणि आई शप्पथ, पाच मिनिटं हेल्मेट काढायचंही सुचलं नाही. एवढं मोठं पठार, कडेला सरळ तुटलेले कडे आणि खाली दरीत ऊन उतरलेलं. भर वाऱ्यात उभी राहून मी एकटीच "बाप रे, बाप रे" करत होते.

"आलीस गो बाय?" काकी अंगणातूनच ओरडली. साठीची, काटक बाई. नवरा नाही, मुलगा मुंबईत चायनीजच्या गाडीवर कामाला. राहणं-जेवण मिळून पाचशे रुपये. तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी अशी, की मी तिसरी भाकरी मागून घेतली.

पण त्याआधीचं सांगते. सूर्य बुडायला आला होता आणि मला कड्यावर पोचायची घाई होती. वीट काकीच्या हातात दिली, "हरणीसाठी, सुहासनं दिलीय, पेंड आहे त्यात" एवढंच म्हटलं आणि पळाले.

सकाळी चहा घेऊन गोठ्याकडे गेले तर हरणीचं तोंड बादलीत, आणि बादलीत काळपट पाणी.

"काकी, हे काय?"

"तुजी वीट गो. ती केवडी कडक! गाभण जनावर चावंल कसं? पेंड आपन भिजवूनच देतो ना."

मी बादली ओढून लांब फेकली. "किती प्यायली?"

"चार-पाच घोट गेलं असतील. का गो?"

अर्ध्या तासात हरणी थरथरायला लागली, तोंडाला फेस आला. फोनला रेंज नव्हती, म्हणून कड्याजवळच्या खडकापर्यंत धावत गेले. सुहास म्हणाला, "व्हिनेगर बघ, थंड पाण्यात घालून पाज. घोटाघोटानं, ठसका लागू देऊ नका. मी निघालोच."

कुडपणात व्हिनेगर! पण होतं. शिमग्याला आलेल्या काकीच्या मुलानं अख्ख्या वाडीला नूडल्स करून घातले होते, त्यातल्या व्हिनेगरच्या दोन बाटल्या फडताळात उरल्या होत्या. वाडीतल्या चार जणांनी हरणीला धरलं, एकानं बांबूच्या नळीनं पाजलं. काकी तिच्या मानेला मिठी मारून एकच म्हणत होती, "माज्या हातानं घातलं गो, माज्या हातानं."

आणि मी? मी गप्प बसले. लाज वाटते लिहिताना, पण एक शब्द बोलले नाही.

सुहास आला, त्यानं औषधं दिली, सुया टोचल्या. दुपारपर्यंत वाडीतलं कुणी जेवायला गेलं नाही. सगळे हरणीच्या जबड्याकडे बघत बसले होते. मग तो जबडा हलला. एकदा, दोनदा, आणि ती सावकाश रवंथ करायला लागली. त्या पोटात कोट्यवधी जीव पुन्हा कामाला लागलेत, या विचारानं माझ्या अंगावर काटा आला. कड्यावरचा सूर्यास्त त्यापुढे काहीच नव्हता.

"काकी, पाण्यात घालू नका म्हणून ताईनं सांगितलं होतं ना?" सुहासनं विचारलं.

काकीनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "सांगितलन हो. माज्याच ध्यानात नाय राह्यलं."

महाबळेश्वरमार्गे मी घरी आले. फोटो सगळ्यांना आवडले, मला मात्र ते उघडवत नव्हते. पठार, दरी, वारा सगळं आठवत होतं, पण त्याआधी काकीचं ते वाक्य आठवायचं. तीन आठवड्यांनी धीर करून काकीला फोन लावला. ती कड्याजवळच्या खडकापाशी असावी, लगेच लागला.

"काकी, सुहासनं मला बजावून सांगितलं होतं. मीच विसरले. तुमची काही चूक नव्हती."

"म्हाईत हाय गो मला. पन तू पाव्हनी. भावासमोर तुला मान खाली कशी घालाया लावू?"

मला रडूच फुटलं.

"रडतेस कशाला? हरणी व्याली पहाटे. पाडी हाय. दोघी उभ्या हायत."