झोपलेले मॉनिटर

यूपीएस कुईकुई करायला लागला तेव्हा मी जिन्यात उभा राहून कचोरी खात होतो. हात पुसत वर धावलो, तोवर दहाच्या दहा कॉम्प्युटर बंद पडले होते. दारात कुसुमताई उभ्या होत्या.

"सकाळी आपण काय म्हणाला होतात?" त्यांनी शांतपणे विचारलं.

सकाळी मी म्हणालो होतो, की लाइट गेली तरी दोन तास निश्चिंत राहा.

ही गोष्ट मध्य प्रदेशातल्या धारची, लोडशेडिंगच्या ऐन भराच्या दिवसांतली. मी देवासच्या एका दुकानातर्फे गावोगाव यूपीएस दुरुस्त करत हिंडायचो. यूपीएस म्हणजे लाइट गेल्यावर बॅटरीच्या जोरावर कॉम्प्युटर चालू ठेवणारं खोकं. कुसुमताई शाळेतून निवृत्त झालेल्या. साडीच्या दुकानावरच्या मजल्यावर त्यांनी कॉम्प्युटर क्लास काढला होता. डिप्लोमाच्या प्रॅक्टिकल परीक्षेचं सेंटर त्यांना पहिल्यांदाच मिळालं होतं, तेही 'बघू जमतंय का' अशा बोलीवर. परीक्षा उद्या दुपारी, आणि दुपारीच लाइट जायची. लग्नसराईमुळे भाड्याचे सगळे जनरेटर मांडवांत अडकलेले. परीक्षा फसली तर सेंटर इंदूरला जाणार होतं. जवळच्या नालछा गावाहून येणाऱ्या मुलींना इंदूरला कुणी पाठवणार नव्हतं. त्यांच्यातल्या रेखाच्या वडिलांनी तर साफ सांगून ठेवलं होतं, धार तक ठीक है.

म्हणून मी नव्या बॅटऱ्या बसवल्या होत्या आणि सकाळी रीतसर टेस्ट घेतली होती. सगळे कॉम्प्युटर चालू केले, मेन स्विच पाडला आणि पेपर वाचत बसलो. मग खाली जाऊन साडीवाल्याशी गप्पा मारल्या. दोन तासांनी परत आलो तरी यूपीएस ठणठणीत. मी छाती फुगवून ताईंना शब्द दिला. दुपारपर्यंत बॅटरी पुन्हा भरली, मुली तालमीला बसल्या, लाइट गेली आणि तास भरायच्या आत सगळं आडवं झालं.

मी आधी बॅटरीला दोष दिला. मग वायरिंगला. मग धारच्या उन्हाला.

"पंचांगही पाहून घ्या एकदा," ताई म्हणाल्या.

लाइट आल्यावर ताईंनी कॉम्प्युटर पुन्हा चालू केले होते, बॅटरी चार्ज होत होती. मी एका काळ्या पडद्यासमोर तोंड पाडून बसलो होतो. कॉम्प्युटर चालू आहे की नाही तेही मी पाहिलं नव्हतं. कोपर माउसला लागलं आणि पडदा झगझगीत उजळला.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. सकाळच्या टेस्टमध्ये कुणी कशाला हातच लावला नव्हता. थोडा वेळ हात लागला नाही की मॉनिटर आपोआप झोपेल, असं सेटिंग होतं. मी झोपलेल्या मॉनिटरांची परीक्षा घेऊन त्यांना पास करून आलो होतो. ते सेटिंग गेल्या खेपेला मीच करून दिलं होतं. वीज कशी वाचते यावर ताईंना भाषणही दिलं होतं.

त्या वेळचे मॉनिटर म्हणजे जाड काचेचे, टीव्हीसारखे. खालच्या सीपीयूच्या डब्याइतकीच वीज ते एकटे खायचे, कधी जास्तच. ते बंद राहिले तर बॅटरी दुपटीने टिकणार होती. पण परीक्षेत मॉनिटर बंद ठेवायचे कसे?

उत्तर परीक्षेच्या पद्धतीतच होतं. प्रॅक्टिकलमध्ये मुलं आधी प्रोग्राम कागदावर लिहितात, मग टाइप करतात. लिहिण्यात अर्धाअधिक वेळ जातो आणि तेवढा वेळ पडदा उगाच जळत असतो. लिहिताना मॉनिटर बंद, टाइप करताना चालू.

ताईंना हे मुळीच पटेना. प्रत्येक पडद्यावर त्यांनी सरस्वतीचं चित्र लावलं होतं, रोज उदबत्ती ओवाळायच्या.

"ऐन परीक्षेच्या दिवशी देवीला अंधारात ठेवू?"

"ताई, रात्री देव्हाऱ्याचं दार लावता, तेव्हा देव उठून जातो का?"

"शेजारतीनंतर लावतोच म्हणा," असं म्हणून ताई मुलींना हाका मारायला गेल्या.

मुलींना वेगळीच भीती. रेखा म्हणाली, "भिया, पडदा बंद किया तो मेरा सब उड़ जाएगा." मी तिला तिचं नाव टाइप करायला लावलं, मॉनिटर बंद करून पुन्हा चालू करायला लावला. नाव होतं तिथेच होतं. तिने आणखी दोनदा करून पाहिलं. माझ्या शब्दाची किंमत दुपारीच कळली होती तिला.

दुसऱ्या दिवशी लाइट वेळेवर गेली. इंदूरहून आलेले परीक्षक चहा घेऊन हॉलमध्ये शिरले. दहा काळे पडदे, खाली माना घालून लिहिणाऱ्या मुली.

"मॅडम, सेंटर बंद पड़ गया क्या?"

ताई काही बोलायच्या आत रेखाने कागद पूर्ण केला, बटण दाबलं आणि टाइप करायला लागली. परीक्षक तिच्या मागे जाऊन उभे राहिले. मग स्वतःची खुर्ची खिडकीपाशी उजेडात ओढून बसले.

शेवटी शेवटी यूपीएस कुईकुई करायला लागलाच. तीन मुली अजून टाइप करत होत्या. ज्यांचं झालं होतं त्यांचे कॉम्प्युटर ताईंनी पूर्ण बंद करायला लावले. मी स्पीकर काढले, प्रिंटर काढला. छपाई लाइट आल्यावर होणार होती. तरी आवाज थांबेना. मग भिंतीपाशी एक चार्जर दिसला. माझ्याच मोबाइलचा. सकाळी मीच लावला होता. कुणी पाहायच्या आत तो काढून खिशात घातला.

तिघींनी प्रोग्राम चालवून दाखवला, सेव्ह केला. शेवटचा कॉम्प्युटर रेखाने स्वतः बंद केला, तरी यूपीएसमध्ये जीव होता.

सेंटर धारलाच राहिलं. पुढच्या वर्षी नालछ्याहून आणखी मुली आल्या.

तेव्हापासून कुणी "बॅटरी टिकत नाही" म्हणून बोलावलं, की मी आधी विचारतो: जागेवरून उठताना मॉनिटर बंद करता का? निम्म्या लोकांना मग नवी बॅटरी लागतच नाही. माझ्या मालकाला हा प्रश्न कधीच आवडला नाही.