तुकड्यांचा डबा

कारखान्यात त्याला सगळे चवमास्तर म्हणत. शिकवण्याशी त्याचा काही संबंध नव्हता. पण भट्टीतून बिस्किटांचा घाणा निघाला की त्यातली दोन बिस्किटं आधी त्याच्या टेबलावर येत आणि त्याने मान हलवल्याशिवाय माल पाकिटबंद व्हायला पुढे सरकत नसे. एकतीस वर्षं हेच चाललं होतं.

पद्धत ठरलेली. बिस्किट कानाशी धरून मोडायचं. आवाज कोरडा, एका फटक्यात यायला हवा. मग अर्धं तोंडात टाकायचं, सावकाश चावायचं, टाळूला लावून धरायचं, त्यातलं वनस्पती तूप विरघळू द्यायचं आणि स्टीलच्या भांड्यात थुंकायचं. कोमट पाण्याने चूळ. गिळायचं नाही. पोट भरलं की जीभ आळसावते, असं त्याच्या आधीच्या मास्तराने पहिल्याच दिवशी बजावलं होतं आणि त्याने तेव्हाच कानाला खडा लावला. दिवसाला साठ-सत्तर बिस्किटं त्याच्या तोंडात जात. पोटात एकही जात नसे.

ती जीभ सांभाळली मात्र बायकोने. लग्न होऊन आली तेव्हा तिला तिखटावाचून घास उतरायचा नाही. महिन्याभरात तिने मिरची, लसूण, कच्चा कांदा, सगळं घराबाहेर काढलं. घरात दोनच माणसं, दोन वेगळे स्वयंपाक कोण करत बसणार?

"तुमच्या जिभेवर घर चालतं," ती म्हणायची. "काढून कुलपात ठेवता आली असती तर बरं झालं असतं. मला तरी चार घास चवीचे मिळाले असते."

त्याला वाईट वाटायचं. मग शनिवारी तो कागदी पिशवी घेऊन यायचा. मोडलेली बिस्किटं शनिवारी कामगारांना वाटून टाकायची, ही कारखान्याची जुनी रीत. बायको तुकडे निवडून पत्र्याच्या डब्यात भरायची आणि रोज चार वाजता चहात बुडवून खायची. पाच-सहा बिस्किटांचे तुकडे, कधी आठांचे. तिच्या दिवसातली तेवढीच एक चैन होती. ती खायची तेव्हा सकाळची पाळी संपवून आलेला तो समोर बसून बघायचा, आणि आपण हिला काहीतरी दिलं, असं त्याला वाटायचं.

गेल्या वर्षी जिना चढता चढता ती मध्येच बसली. हाताची पिशवी खाली गडगडत गेली. दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाच्या दोन नळ्या जवळजवळ बंद, तिसरीचाही भरवसा नाही.

"घरात तळण, तेल, तूप किती असतं?"

"डॉक्टर, आमच्याइतकं अळणी या अख्ख्या गल्लीत कुणी खात नसेल," तो म्हणाला. खोटं बोलत नव्हता तो. डबा त्याच्या डोक्यातच आला नाही. खाणं म्हणजे चुलीवर शिजतं ते. तुकडे म्हणजे आपल्या हातचे, घरचे.

डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, तेल कमी करा. त्या दिवसापासून तेल चहाच्या चमच्याने मोजून भाजीत पडू लागलं.

"आता तेल फक्त डोळ्यांत घालायचं," बायको म्हणाली. "भाजीत नाही."

चार वाजता डबा मात्र उघडायचाच. एकदा त्याने खातरी करायला कारखान्यातून बिस्किटाचं रिकामं पाकीट आणलं. तिने चष्मा लावून मागची बारीक अक्षरं वाचली. ट्रान्स फॅट : शून्य. "मग हे तर औषधच की!" ती हसली आणि ते रिकामं पाकीट घडी करून तिने डब्याच्या तळाशी ठेवून दिलं.

पावसाळ्याच्या आधी कारखान्याच्या प्रयोगशाळेत एक नवी मुलगी आली. तिला जुन्या वनस्पतीऐवजी दुसरं तूप वापरून बिस्किट करून बघायचं होतं. जुन्यामुळे माणसांची हृदयं बिघडतात, असं तिचं म्हणणं.

"पण आपल्यात शून्यच आहे ना?" चवमास्तर म्हणाला.

"ते एका बिस्किटाचं, काका. ठरलेल्या मापाच्या खाली असलं की शून्य लिहायची मुभा आहे."

"आणि कुणी आठ खाल्ली तर?"

"तर कागदावर आठ शून्यं." ती हसली नाही. "आठवतंय का, मध्ये साचा बदलून बिस्किट लहान केलं होतं? ते याच्यासाठी, शून्यात बसावं म्हणून. जुन्या नोंदींत आहे."

त्याला आठवत होतं. सगळ्यांना वाटलं होतं, साहेब पिठात काटकसर करतायत. त्या लहान बिस्किटाच्या पहिल्या घाण्याला त्यानेच मान हलवली होती. तीच चव, असं म्हणाला होता.

"तुमच्या घरी कुणी खातं का हो, काका?"

"छे. आम्ही थुंकणारी माणसं."

घरी येऊन तो बायकोशी काही बोलला नाही. सांगायचं कसं? मिरची त्याच्यापायी गेली, तेल डॉक्टरांपायी, आता डबाही काढून घ्यायचा? त्यापेक्षा नवं बिस्किट मंजूर झालं तर डबा भरलेला राहील, तिला कळायचंही नाही, आणि उरलेली नळी उघडी राहील. तो त्या नव्या घाण्याची वाट बघू लागला.

घाणा आला. त्याने बिस्किट कानाशी मोडलं. आवाज दबका, ओलसर. तोंडात धरलं तर तूप विरघळेना. टाळूला मेणासारखं चिकटून राहिलं. जुन्याचा तो किंचित थंडावा कुठेच नव्हता. त्याने थुंकलं, चूळ भरली. प्रयोगशाळेतली मुलगी ओठ घट्ट मिटून बघत होती. साहेब दारात उभे होते.

"तीच चव," तो म्हणाला आणि मान हलवली. एकतीस वर्षांत जिभेशी तो पहिल्यांदा खोटं बोलला.

"मास्तरांनी मान हलवली, म्हणजे प्रश्नच मिटला," साहेब म्हणाले.

शनिवारी त्याने पिशवी काठोकाठ भरून आणली. चार वाजता बायकोने तुकडा बुडवला, तोंडात घातला, दोनदा चावला आणि थांबली. मग बशी पुढे ओढून तिने तो बशीत थुंकला. तिला खाणं थुंकताना त्याने कधी पाहिलं नव्हतं.

"हे आपलं नाही," ती म्हणाली. मग घाबरून त्याच्याकडे बघितलं. "अहो, हे तुमच्या नजरेतून सुटलं कसं? जीभ बरी आहे ना तुमची?"

तेव्हा त्याने सगळं सांगितलं. शून्य, साचा, आठ तुकडे. ती बशीकडे बघत राहिली.

"म्हणजे इतकी वर्षं तुम्ही थुंकत होतात," ती सावकाश म्हणाली, "आणि मी गिळत होते."



नवी बिस्किटं दुकानांतून पंधरा दिवसांत परत आली. लोकांना ती आवडेनात. साहेबांनी जुन्या वनस्पतीची पिंपं पुन्हा उघडायला लावली. नियम कडक होतील तेव्हा बघू, म्हणाले. प्रयोगशाळेतल्या मुलीने आणखी एक अर्ज लिहिला, मग दुसरीकडे नोकरी शोधली. चवमास्तराला पाकिटं मोजायला बसवलं. जीभ गेली बिचाऱ्याची, असं सगळे हळहळून म्हणत. तो शनिवारी रिकाम्या हाताने घरी येऊ लागला.

बायकोने विचारलं नाही. डबा घासून पालथा घातला. चार वाजता ती चहाचा कप घेऊन खिडकीशी बसायची. चहा गार व्हायचा आणि तो ती तसाच ओतून टाकायची. दिवसेंदिवस ती कमी बोलू लागली. जिना आता चढवत नसे, म्हणून ती खाली उतरणंच टाळायची.

एका शनिवारी तो परतला तर डबा सुलटा होता. शेजारी कोपऱ्यावरच्या दुकानातलं पाकीट, फोडलेलं. ती एकटी खाली उतरून, पुन्हा वर चढून आली होती. अजून धापा टाकत होती.

"अगं, कशाला?"

"तुम्ही नाही आणलंत म्हणून काय झालं? दुकानात तेच मिळतं." तिने पाकीट उलटं करून त्याच्यापुढे धरलं. "आणि हे बघा, शून्य लिहिलंय."

तिच्या डोळ्यांत थट्टा होती का, हे त्याला कळलं नाही. तिने एक बिस्किट काढलं, त्याच्या कानाजवळ नेलं आणि मोडलं.

"सांगा, मास्तर. बरोबर आहे ना?"

आवाज कोरडा आला, एका फटक्यात. त्याने मान हलवली.