रॅम स्वस्त होईपर्यंत

शहाण्णव साली आम्ही बंगळूरला जे. पी. नगरमध्ये एका दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. आम्ही म्हणजे मी, बायको आणि आठ महिन्यांची मुलगी. दोघंही पुण्याहून आलेलो, दोघंही प्रोग्रॅमर. दोघांत चांगली प्रोग्रॅमर ती. हे मी विनयाने म्हणत नाही, विनय मला कधीच जमला नाही. मी भराभर प्रोग्रॅम लिहायचो आणि मग दोन दिवस त्यातल्या चुका शोधत चिडचिड करायचो. ती आधी वहीत पेन्सिलीने लिहायची, वाचून बघायची, खोडायची, आणि मग टाइप करायला बसायची. तिचं बहुतेक वेळा पहिल्या-दुसऱ्या फटक्यात चालायचं.

बाळंतपणासाठी तिने नोकरी सोडली होती. कोरमंगलातल्या त्या छोट्या ऑफिसच्या साहेबांनी निघताना तिला सांगितलं होतं की घरी कॉम्प्युटर घ्या, मी काम देतो. असं सगळेच म्हणतात. पण हे गृहस्थ शब्दाला जागले. मार्चमध्ये त्यांचा फोन आला. रक्त तपासणाऱ्या लॅबसाठी एक प्रोग्रॅम हवा होता, रिपोर्ट साठवणारा आणि छापणारा. चार महिन्यांचं काम, घरी बसून करायचं, दर शनिवारी फ्लॉपी पोचवायची. हे नीट झालं तर पुढचंही तिलाच.

त्या दिवशी ती किती खूश होती ते मला अजून डोळ्यांसमोर दिसतं. मुलीला मांडीवर घेऊन ती मला म्हणाली, "हे सुटलं ना, तर मी परत काही या लाइनीत येत नाही बघ. दोन वर्षं घरी बसलेल्या बाईला कोण विचारतंय?" मी म्हटलं, सुटतंय कशाला.

मुलीची सोयही आपोआप झाली. खाली घरमालकीण राहायच्या, साठीच्या. त्यांना सगळी गल्ली अक्का म्हणायची, म्हणून आम्हीही. त्यांचं घराणं मराठीच, पण कित्येक पिढ्या बंगळूरमध्ये मुरलेलं. त्यांच्या बोलण्यात मराठी किती आणि कन्नड किती हे सांगणं अवघड होतं. काम मिळाल्याचं कळल्यावर त्या जिना चढून वर आल्या आणि म्हणाल्या, "सरी, चांगलं झालं, दहा ते एक बाळ माझ्याजवळ ठेवा. मला तरी दुसरं काय काम आहे गं?"

म्हणजे काम होतं, वेळ होता, बाळाला सांभाळणारं माणूस होतं. आता फक्त कॉम्प्युटर आणायचा होता, आणि ते खातं माझ्याकडे होतं.

तिने मला पहिल्या दिवशीच स्पष्ट सांगितलं होतं. "डॉसवर सी भाषा चालली की झालं. जुना ३८६ कॉम्प्युटरसुद्धा पुरेल मला." मी तोंड वाकडं केलं. घरात कॉम्प्युटर एकदाच येणार, तर तो दमदार नको का? ऑफिसात मी युनिक्सवर काम करायचो. घरी त्याचंच भावंड लिनक्स टाकायचं, मोठाले प्रोग्रॅम मिनिटाच्या आत कंपाइल करायचे, अशी स्वप्नं मी वर्षभर बघत होतो. मी चौकटीच्या कागदावर यादी केली: पेंटियम, सोळा एमबी रॅम, एक जीबीची डिस्क, पंधरा इंची मॉनिटर. यादी तिच्या नावाने होती. हौस माझी होती.

दर शनिवारी मी स्कूटर काढून एस. पी. रोडला जायचो. सुट्या भागांच्या दुकानांची ती अरुंद गल्ली, एकेका दुकानात दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने बाहेर थांबायचं. आधी बाहेरचं कॅबिनेट आणलं. मग कीबोर्ड, मग मदरबोर्ड. आणि मग घोडं अडलं ते रॅमवर. त्या वर्षी रॅमचे भाव दर आठवड्याला उतरत होते. दुकानदार स्वतःच म्हणायचा, "साब, अगले हफ्ते आइए, और गिरेगा." दुकानदारच थांबा म्हणतोय म्हटल्यावर मी कशाला घेतोय? प्रोसेसरचंही तेच. शंभर मेगाहर्ट्झचा घ्यायला निघालो की एकशे तेहेतीसचा भाव खाली यायचा, त्याच्यासाठी थांबावं तर एकशे सहासष्टची बातमी यायची. आमच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत दुसरा विषय नसायचा. सहा-सातजण घरी मशीन बांधत होते आणि त्यातल्या एकाचंही मशीन पुरं होत नव्हतं. आज विकत घेणारा तो मूर्ख, असं आम्ही सगळे शहाणे धरून चाललो होतो.

घरी ती विचारायची, "या शनिवारी?" मी म्हणायचो, "अगं, दोनच आठवडे."

मे महिन्यात एका रविवारी सकाळी साहेबांचा फोन आला. फोन खाली अक्कांकडे होता. बायको मुलीला आंघोळ घालत होती, म्हणून मी उतरलो. साहेबांनी विचारलं, कॉम्प्युटर झाला का? मी म्हटलं, होतच आला आहे. ते म्हणाले, आमच्याकडे एक ३८६ नुसता पडून आहे, ऑटोत घालून आजच पाठवतो, मॅडमचं काम तरी सुरू होईल.

मला राग आला. का आला, ते आज नीट सांगता येतं. दोन महिने मी जे करत होतो ते त्या माणसाने एका वाक्यात फालतू ठरवलं होतं. मी म्हणालो, "नको सर. आमचा पेंटियम येतोय. तुमचं जुनं मशीन ठेवायलाही इथे जागा नाही." जागा होती. खोलीभर जागा होती.

वर आल्यावर तिने विचारलं, कुणाचा फोन? मी म्हटलं, साहेबांचा, झाला का म्हणून विचारत होते. एवढंच सांगितलं.

ती मात्र थांबून राहिली नव्हती. रोज दहाला मुलगी खाली गेली की ती जेवणाच्या टेबलाशी वही उघडून बसायची आणि प्रोग्रॅम लिहायची. मशीन नाही, पडदा नाही, चुकलं तर सांगणारं कुणी नाही. अख्खा प्रोग्रॅम तिने पेन्सिलीने कागदावर लिहून काढला, दोनशे पानी तीन वह्यांत. साहेबांना फोन कर असं मी सुचवलं तर म्हणायची, "काय तोंडाने करू? आधी मशीन येऊ दे."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आयुधपूजेला अक्का ताट घेऊन वर आल्या. इथे त्या दिवशी घरातल्या प्रत्येक हत्याराची आणि यंत्राची पूजा होते. खाली त्यांनी विळी, शिवणयंत्र आणि माझी स्कूटर पुजली होती. आता त्यांनी उघड्या कॅबिनेटला हळदकुंकू लावलं, वर शेवंतीचं फूल ठेवलं आणि आत डोकावून विचारलं, "हे सुरू झालं काय?"

"अजून नाही अक्का," बायको म्हणाली. "स्वल्प राहिलंय."

अक्का माझ्याकडे बघून म्हणाल्या, "गौरीच्या आधीपण स्वल्पच राहिलं होतं की." मी स्क्रूड्रायव्हर पुसत बसलो.

मशीन जानेवारीत पुरं झालं. रॅमचा भाव खरोखर कोसळला होता आणि मी अगदी तळाला घेतली. सोळाऐवजी बत्तीस एमबी बसवली. माझा अंदाज तंतोतंत बरोबर आला होता, ऑफिसात लोकांनी पाठ थोपटली. तिने तीन दिवस वह्या समोर ठेवून सगळा प्रोग्रॅम टाइप केला. दोन ठिकाणी किरकोळ चुका निघाल्या. तिसऱ्या वेळी तो चालला, आणि पडद्यावर एका काल्पनिक पेशंटचा रिपोर्ट आला. ती हसली आणि लगेच फोन करायला खाली गेली.

वर यायला तिला बराच वेळ लागला. काम जूनमध्येच दुसऱ्याला दिलं होतं. प्रोग्रॅम लॅबमध्ये बसूनही दोन महिने झाले होते. साहेब चांगल्या मनाने म्हणाले होते, मिस्टरांनी आमचं मशीन नको म्हटलं तेव्हा मला वाटलं, तुमचं काहीतरी मोठं चाललंय.

ती दारातच उभी राहिली. "ते मशीन पाठवत होते?"

"अगं, जुनाट डबा होता तो."

"मला विचारायचं होतंस," ती म्हणाली.

ती भांडली असती तर बरं झालं असतं. मी उत्तरं तयार ठेवली होती, भावांची, वेगाची, पुढच्या पाच वर्षांची. मुलीच्या जेवणाची वेळ झाली होती, ती स्वयंपाकघरात गेली.

त्यानंतर तिने दोन-तीन ठिकाणी अर्ज केले. सगळीकडे एकच प्रश्न आला, मधल्या काळात काय केलं? वह्या दाखवून कुणी नोकरी देत नाही. हळूहळू तिने अर्ज करणं सोडलं. मशीन रिकामं राहिलं नाही. त्यावर मी लिनक्स शिकलो, त्या जोरावर मला मोठ्या कंपनीत नोकरी लागली, आणि त्या मुलाखतीत मी छाती फुगवून सांगितलं की हा कॉम्प्युटर मी स्वतः बांधला आहे. कुणासाठी, ते त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. मी तिचं काम घालवलं. इतक्या साध्या शब्दांत हे मान्य करायला मला फार वर्षं लागली.

मुलगी तीन वर्षांची झाल्यावर शाळेचा फॉर्म आणला. अक्षर बायकोचं चांगलं, म्हणून भरायला ती बसली. वडिलांचा व्यवसाय या ओळीत तिने सॉफ्टवेअर इंजिनिअर असं लिहिलं. खालची ओळ आईच्या व्यवसायाची होती. तिथे तिचं पेन थांबलं.

मी म्हटलं, "तुझंही तेच लिही की."

"शाळेच्या फॉर्मवर खोटं कशाला?" ती शांतपणे म्हणाली, आणि तिने गृहिणी असं लिहिलं. पानाच्या शेवटी, वरील माहिती खरी आहे, याखाली वडिलांची सही हवी होती. तिने फॉर्म आणि पेन माझ्याकडे सरकवलं. मी सही केली.