घोंगडीत कुसळ नव्हतं

घोडीची पाठ मी फोडली आणि आळ वहिनीवर घातला.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. घोडी तिची होती, शिंगरू असताना माहेराहून आलेली. आमचं घर मेंढरांचं. पावसाळा सरला की दादा आणि वहिनी कळप घेऊन गोदावरीकाठच्या काळ्या रानांकडे निघत. वाटेत कुणाच्या शेतात मेंढरं बसवायची, तिथून पुढच्या शेतात जायचं. त्या हिंडण्यात सगळा संसार घोडीच्या पाठीवर असे. मेंढरं कोंडायची जाळी, भांडी, पीठ, कोंबड्या आणि वाटेत जन्मलेली कोकरं. घरात मी एकटाच शिकलो आणि गंगाखेडच्या कचेरीत कारकून झालो. उरलेल्या घराने मेंढरं राखली म्हणून मला शिकता आलं, हे मी तेव्हा कुणाला सांगत नसे.

पोलीस अ‍ॅक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं, त्याला दोन-तीन वर्षं झाली होती. रयतेवर बसायची पूर्वीची सोय राहिली नाही, म्हणून गावातली बडी मंडळी हौसेने घोड्यावर बसू लागली होती. त्यांनी लांब दौडीचं खूळ काढलं. सकाळी गंगाखेडहून निघायचं, दुपार राणीसावरगावला काढायची आणि दिवस मावळायच्या आत परत यायचं. पहिलं कोण आलं याला किंमत नाही. जनावर धडधाकट परत आणायचं, एवढीच अट. ज्या लोकांनी जन्मात दुसऱ्याची एक वस्तू धडधाकट परत केली नव्हती त्यांनी ही अट घालावी, याचं मला तेव्हा हसू आलं नाही. उलट त्यांच्यात आपलाही घोडा असावा असं वाटू लागलं. मंडळींचे पुढारी एक मोठे जमीनदार होते. त्यांना सगळे मालक म्हणत. कचेरीत मी त्यांच्यापुढे उभा राहून बोलायचो. घोड्यावर बसलो तर त्यांच्या बरोबरीने बोलता येईल, हा माझा हिशोब. तिशी ओलांडलेल्या माणसाची अक्कल ही.

कचेरीची फिरती आहे असं सांगून मी घरून घोडी मागितली. दादा कुरकुरला. वहिनीने मात्र दावं सोडून माझ्या हातात दिलं, वर एक घोंगडी दिली.

“ही दुहेरी करून टाकल्याबिगर हिच्या पाठीवर काई ठिवू नका भावजी. कणा लय वर हाय हिचा. आन कळप निघायच्या आधी आणून सोडा.”

आम्हाला शिकवायला निजामाच्या रिसाल्यातून, म्हणजे घोडदळातून, सुटलेला एक जमादार होता. पगार गेला होता, मिशी तेवढी राहिली होती. त्याने आपलं जुनं कातडी जीन मला वापरायला दिलं. ते एखाद्या रुंद पाठीच्या घोड्यासाठी केलेलं होतं. पहिल्या दिवसापासून तो माझ्यावर ओरडायचा, “क्या जी बाबू, घोडी पे बैठे कि कुर्सी पे? सामने कागदां हैं क्या?” माझ्या मांड्या सोलून निघाल्या. कचेरीत मी पंचा घडी करून त्याच्यावर बसायचो. कुणी विचारलं की तोऱ्यात सांगायचो, “घोडेस्वारी चालू आहे.” ज्याचं कौतुक व्हावं म्हणून मी मुद्दाम लंगडत चालायचो, त्याचं कौतुक एका चपराशाशिवाय कुणी केलं नाही.

एका सकाळी सगळे नदीकाठी जमलो होतो. माझ्या जीनाखाली वहिनीची घोंगडी होती. मालक घोडा माझ्या जवळ घेऊन आले आणि त्यांनी नाक वर केलं.

“वकीलसाहेब, मेंढरं दिसत न्हाईत, पण आलेली दिसायलेत.”

वकीलसाहेब त्यांचे नेहमीचे होयबा. ते म्हणाले, “दिसत कशी न्हाईत मालक? एक तर घोडीवर बसलंय.”

सगळे हसले. मीही हसलो, त्यांच्यापेक्षा मोठ्याने. दौडीच्या दिवशी घोंगडी खोलीवर ठेवली आणि जीनाखाली ट्रंकेतली धुतलेली चादर घातली. तिला साबणाचा वास येत होता.

जाताना माझी घोडी सुरेख चालली. ओझं घेऊन दिवसभर चालणारं जनावर ते, मी तिला काय जड होतो? मालक म्हणाले, “कारकून, घोडी काटक हाय तुमची.” त्या एका वाक्यावर मी राणीसावरगावापर्यंत तरंगत गेलो. तिथे झाडाखाली उतरल्यावर जमादाराने सगळ्यांना जीन उतरवून पाठी बघायला सांगितलं. मालकांच्या आणि वकिलांच्या घोड्यांची निगा राखायला मोतद्दार होते. ते जीनाचे पट्टे, म्हणजे तंग, सोडू लागले, मालक सतरंजीवर लवंडले. मला मोतद्दार नव्हता. मोतद्दारांच्या रांगेत वाकून मी माझ्या घोडीचा तंग सोडला असता तर मालकांनी मला कुठल्या बाजूचा धरला असता? मी सतरंजीच्या कडेला जाऊन बसलो आणि गावची हवा चांगली आहे, असं काहीतरी बोललो.

परतताना घोडी कान मागे टाकू लागली. पाठ चोरू लागली. मला कळत होतं. मेंढरांच्या घरात वाढलेल्याला जनावराचं दुखणं कळत नाही, असं मी कुणाला सांगू? तरी टाच मारत राहिलो, कारण बाकीचे पुढे होते. गंगाखेडला पोचल्यावर जमादार एकेका घोड्याच्या पाठीवरून हात फिरवत येऊ लागला. माझी पाळी यायच्या आत मी पोट दुखतंय म्हणून निघालो. खोलीच्या अंगणात जीन काढलं तेव्हा चादर पाठीला चिकटली होती. ती ओढली, तिच्याबरोबर कातडं आलं. घोडी उभ्या अंगाने थरथरली.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन पायी गावाकडे निघालो. घोंगडी खांद्यावर होती. मेंढपाळाच्या घरात पाठ फुटलेली घोडी घेऊन जायचं, तेही कळप निघायच्या तोंडावर, काय सांगणार? वाटेत धोतराला कुसळं चिकटत होती. ती काढता काढता मला युक्ती सुचली. चांगलं लांब, टोकदार कुसळ निवडून मी घोंगडीत खोवलं. आयुष्यात इतक्या काळजीने मी दुसरं कुठलंच काम केलेलं नाही.

दादाने पाठ बघितली. त्याचा चेहरा उतरला.

“कशानं झालं हे?”

मी घोंगडी पसरली आणि कुसळ दाखवलं.

दादा वहिनीवर कडाडला, “घोंगडी झटकून द्यायची अक्कल न्हाई तुला?”

“म्या झटकली व्हती वो.”

“मग हे काय आभाळातून पडलं?”

वहिनी कुसळाकडे बघत राहिली. आणि मी काय म्हणालो? म्हणालो, “जाऊ द्या दादा, राहतं चुकून.” वर मोठेपणाही घेतला.

त्या वर्षी घोडी ओझ्याला लागली नाही. वहिनी डोक्यावर भांडी आणि कडेवर कोकरू घेऊन शेतामागून शेत चालली. जखम भरायची आणि पुन्हा फुटायची. शेवटी दादाने घोडी बाजारात नेऊन मिळेल त्या भावाला दिली. वहिनीच्या माहेरच्यांनी विचारलं तेव्हा त्यांनाही त्याने कुसळाचीच हकिकत सांगितली. पुढे घरात काही सांडलं, हरवलं, मेलं की दादा चारचौघांत म्हणायचा, “हिला कुसळ दिसत न्हाई, मग हे काय दिसणार?” मी सणाला घरी असलो की ते ऐकत जेवायचो. पुरणपोळी दुसऱ्यांदाही मागून घ्यायचो. दौडीची मंडळी तर पुढच्याच वर्षी विखुरली. मालकांनी मोटार घेतली आणि कचेरीत मी पूर्वीसारखाच त्यांच्यापुढे उभा राहू लागलो.

यंदा दसऱ्याला गावी गेलो. पुतण्याचं लग्न झालं होतं. नवी सून प्रथमच कळपाबरोबर निघणार होती. वहिनी अंगणात बसून तिला एक घोंगडी दाखवत होती. इंच इंच चाचपत म्हणत होती, “डोळ्यानं दिसत न्हाई बाई, बोटानं बघावं लागतंय. माझ्याकडून एकदा राहिलं आन घोडी गेली. तुझे सासरे अजून बोलतेत.”

सून भेदरून मान हलवत होती. हे आता त्या पोरीच्या डोक्यातही जाणार, हे मला सोसवेना.

“वैनी, त्या घोंगडीत कुसळ नव्हतं.”

“कंच्या घोंगडीत?”

“घोडीच्या. मी घोंगडी घातलीच नव्हती. कुसळ मी वाटेत खोवलं.”

तिची बोटं थांबली. “का घातली न्हाई?”

“वास येतो म्हणून मालक हसले.”

“आन तुमी?”

“मीबी हसलो.”

वहिनी सुनेला म्हणाली, “बघून घे गं. आपल्या घरातलं शिकलेलं माणूस हे.” मग माझ्याकडे वळली. “म्या झटकली व्हती हे मला ठावं व्हतं, भावजी. तुमी कुसळ दावलं, आन माझाच माझ्यावर इस्वास राहिला न्हाई. एवढी वर्सं जेवताना तर लय चालायची जीभ तुमची.”

“वैनी, मला...”

“मला काय सांगायलाव? उठा. तिकडं कातरणी चाललीय. ते चारचौघांत बोलले, तुमी चारचौघांत सांगा.”

ती पुढे चालली, मी मागे. निंबाखाली दादा आणि भावकीतले लोक मेंढरं कातरत बसले होते. मी सांगायला सुरुवात केली. एक म्हातारा ओरडला, “जोरात बोला बाबूसाहेब, मेंढरं वरडायलेत!” कुणीतरी हसलं. दादाने कातर खाली ठेवली.

मी पुन्हा पहिल्यापासून, ओरडून सांगितलं. घोडी फिरतीसाठी नव्हे, मिरवायला नेली होती. पाठ माझ्या हातून फुटली. कुसळ मी खोवलं. मग वहिनीकडे वळलो. हात जोडले.

“वैनी, तुमची काई चूक नव्हती. मी खोटं बोललो आन तुमाला बोल खाऊ दिले. मला माफ करा.”